कोमेजलेल्या झाडाला पाणी

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दवाखान्याच्या ओसरीवर दहाबारा माणसे बसलेली होती आणि टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता. टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरातून माझ्या एका जुन्या रुग्ण काकूंचा व्हिडिओ कॉल होता. तिकडे सकाळचे आठ वाजले होते. काकूंचे वय ७६. रक्तदाबाची गोळी वीस वर्षांपासून चालू. यजमान जाऊन दीड वर्ष झालेले आणि मुलाने आग्रह करून आपल्याकडे नेलेले. एवढ्या सकाळी परदेशातून फोन म्हणजे छातीत दुखले असावे, या धास्तीने मी तो उचलला. काकू म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माझ्या लिंबाची पानं गळून राह्यली."

आपल्याला कदाचित हसू येईल. मला आले नाही. मी वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातला माणूस. वडिलांची चारशे झाडांची बाग होती आणि एमबीबीएसच्या सुट्ट्या मी आळी बांधण्यात घालवल्या आहेत. काकूंचे सासरही बागायतदाराचे. आमच्या भागात झाडाची पाने गळणे ही घरातल्या माणसाच्या तापाइतकीच गंभीर बातमी असते.

झाड दाखवण्यासाठी काकू खुर्चीतून उठल्या आणि त्याच क्षणी चित्र हलले. छत दिसले, मग पडदा, मग पुन्हा छत. खिडकीची चौकट धरून त्या थांबल्या असाव्यात. "काय झालं काकू?" "काही नाही जी, उठलं की जरा गरगरते. तुम्ही झाड पाहा." त्यांनी सांगितले म्हणून मी आधी झाड पाहिले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. तेव्हा आपणही आधी झाडच पाहू. काकूंकडे नंतर वळू.

झाड जेमतेम अडीच फुटांचे, दोनेक वर्षांचे, मेयर जातीचे लिंबू. ही जात मुळात चीनमधली. फ्रँक मेयर नावाच्या वनस्पतिशोधकाने ती १९०८ मध्ये अमेरिकेत नेली आणि कुंडीत फळते म्हणून थंड मुलखातल्या हौशी लोकांची ती आवडती झाली. काकूंच्या मुलाने मे महिन्यात रोप आणले होते. आई येईल, तिला घरचे लिंबू दिसेल, एवढाच त्यामागे भाव. उन्हाळाभर ते मागच्या अंगणातल्या लाकडी ओट्यावर उत्तम वाढले. ऑक्टोबरच्या अखेरीस रात्री कडाक्याच्या होऊ लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी घाईने ते दिवाणखान्यात, काचेच्या मोठ्या सरकत्या दाराशी आणून ठेवले गेले. महिन्याभरात पाने पिवळी पडू लागली. मला फोन आला त्या दिवशी झाडावर अकरा पाने उरली होती. काकू ती रोज मोजत होत्या.

त्यांचा पहिलाच प्रश्न मार्मिक होता. "आपल्याकडं नाही का बहारासाठी ताण देत? तसं होईल का हे? पानं झडतील आन् मग फुलं येतील?"

संत्रापट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आंबिया बहार घ्यायचा असला की आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना झाड तहानेवर राहते, पाने मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते. मग खत आणि पाणी दिले की बाग फुलांनी पांढरी होते. यालाच ताण म्हणतात. आता मानसिक आजारांच्या चर्चेत हा शब्द फार झिजला आहे. आमच्याकडे तो आधी शेतातला आहे. पण हा ताण देण्यात एक हिशेब असतो. झाड पाचसहा वर्षांपुढचे असते, त्याच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात, अंगात साठवण असते, डोक्यावर भरपूर ऊन असते आणि मुख्य म्हणजे ताण कधी सुरू करायचा आणि कधी तोडायचा, हे माणसाच्या हातात असते. काकूंच्या कुंडीतल्या रोपावर चारी बाजूंनी एकदम ताण आला होता आणि तो कोणी ठरवून दिलेला नव्हता. त्याच्याकडे साठवण म्हणाल तर ती अकरा पानेच. लिंबूवर्गीय झाडे पानझडी नसतात. हिवाळ्यासाठीचा अन्नाचा साठा ती बऱ्याच अंशी पानांतच राखून ठेवतात. म्हणून गळालेले प्रत्येक पान म्हणजे त्यांच्या खात्यातून गेलेली रक्कम असते.

मग ताण होता कशाचा? पहिला उजेडाचा. टोरांटोला डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस नऊ तासांहूनही थोडा कमी भरतो. आमच्याकडे तो पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. शिवाय तिकडे सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो आणि आकाश आठवडेच्या आठवडे करडे असते. घरात आपल्याला पुरेसा उजेड वाटतो, कारण आपल्या डोळ्यांची बाहुली मोठी होऊन जुळवून घेते. पानाला बाहुली नसते. उघड्यावरच्या तुलनेत खिडकीपासून चार हात आत त्याच्या वाट्याला फारच थोडा प्रकाश येतो.

दुसरा ताण अधिक गमतीचा आहे आणि तो कळला की निम्मे काम झाले. खोलीचे तापमान २१ अंश होते. पण कुंडी होती जमिनीवर, बाहेर उणे दहा असताना काचेला जवळजवळ टेकलेली. कुंडीतल्या मातीचे तापमान कोणी मोजले नव्हते. मी त्यांच्या सुनेला स्वयंपाकघरातला टोचण्याचा तापमापक मातीत खुपसायला सांगितले. तो १२ दाखवू लागला. लिंबूवर्गीय झाडांची मुळे साधारण १३ अंशांच्या खाली जवळपास संपावर जातात. पाणी असूनही ते ओढू शकत नाहीत. वर मात्र दुपारी तासभर काचेतून ऊन येई, पान तापे आणि पाणी मागे. शेजारच्याच जाळीतून भट्टीची गरम, कोरडी हवा थेट फांद्यांवर येत होती. डोके उन्हाळ्यात आणि पाय बर्फात, अशी त्या रोपाची अवस्था झाली होती. मागणी वर, पुरवठा खाली बंद. अशा वेळी झाड शहाणपणा करते आणि पाने टाकून देते.

तिसरा ताण मायेचा. कुंडीत पाणी कोण घालते, असे मी विचारले. काकू रोज पूजा झाल्यावर तांब्याभर घालत. नात शाळेतून आली की आजीचे झाड सुकले म्हणून पेलाभर घाली. आणि सून रात्री झोपण्यापूर्वी. तिघींनी एकमेकींना विचारले नव्हते. कुंडीला छिद्र होते, पण ती एका सुबक चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेली होती आणि त्या भांड्याला छिद्र नव्हते. आतली कुंडी उचलली तेव्हा खाली चार बोटे पाणी निघाले. त्याला वासही येत होता, असे सूनबाई नाक मुरडून म्हणाल्या.

पाण्यात बसलेले मूळ गुदमरते, कुजते आणि कुजलेले मूळ पाणी ओढत नाही. म्हणून अति पाण्याने मरणारे झाड हुबेहूब तहानलेल्यासारखे दिसते. पान मलूल, टोके खाली. ते पाहून माणूस आणखी पाणी घालतो. आमच्या भागातल्या जाणत्यांनी या खोडीपायी बागा जाताना पाहिल्या आहेत. खोडाशी पाणी साचले की डिंक्या येतो, म्हणून आम्ही दुहेरी आळे करतो. आतल्या आळ्यात खोड कोरडे राहते आणि पाणी बाहेरच्या आळ्यात, पोषक मुळ्यांपाशी. वडिलांचा शब्द होता वाफसा. मातीत ओल असावी आणि हवाही असावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने ढोसला तर फुटावा. कुंडीसाठी हीच परीक्षा थोडी बदलून करावी. बांबूची एक कोरडी काडी मातीत चार बोटे खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर पाणी नको. काडी कोरडी निघाली तर कोमट पाणी सावकाश, खालच्या छिद्रातून निथळेपर्यंत घालायचे आणि बशीत जमलेले अर्ध्या तासात ओतून टाकायचे. हिवाळ्यात अशी वेळ आठवड्यातून एकदा, कधी दहा-बारा दिवसांनी येते. वार ठरवून पाणी घालू नये.

मुलाने तोवर बाजारातून खताच्या कांड्या, कीटकनाशकाचा फवारा आणि नवी मोठी कुंडी एवढे आणून ठेवले होते. मी म्हटले, सगळे कपाटात ठेवा. मूळ आजारी असताना खत देणे म्हणजे उलट्या होत असलेल्या माणसाला बासुंदी वाढणे. कुंडी बदलली की उरलीसुरली केसमुळे तुटतात. ते काम वसंतात, नवी फूट दिसल्यावर. आणि फवारा कोणत्या किडीसाठी, ते आधी पाहा. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकले आणि कागदावर ठिपके चालू लागले तर कोळी. फांदीच्या बेचक्यात कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. पानाच्या शिरेला तपकिरी टिकल्या चिकटलेल्या दिसल्या आणि पाने चिकट लागली तर खवले कीड. कोरड्या गरम खोलीत या तिन्ही पाहुण्यांची चैन असते. बंद घरात, जिथे म्हातारी माणसे आणि मुले दिवसभर बसतात तिथे, विषारी फवारा मारायचाच नाही. सौम्य साबणाच्या पाण्याने बोळा भिजवून पानांच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, आठवड्याने पुन्हा. नंतर साध्या पाण्याने धुवावे. काकूंच्या झाडावर कीड नव्हती.

मग केले काय? पहिल्या दिवशी बाहेरचे शोभेचे भांडे काढले आणि कुंडी लाकडी चौरंगावर, काचेपासून दोन हात लांब, गरम हवेच्या जाळीपासून दूर ठेवली. पाणी बंद. एवढेच. दुसऱ्या आठवड्यात एलईडीचा एक दिवा शेंड्यापासून फूटभर वर टांगला आणि त्याला बारा तासांचे घड्याळ लावले. एकदम सगळे केले असते तर काय लागू पडले आणि काय बाधले ते कळले नसते. वैद्यकातही मी हाच नियम पाळण्याचा प्रयत्न करतो. नेहमी जमतोच असे नाही, पुढे येईलच.

येथे एक गोष्ट आठवते. व्हर्सायच्या राजवाड्यात संत्र्या-लिंबांसाठी एक भव्य हिवाळी घर आहे, १६८४ ते १६८६ या काळात जूल आर्दुआँ-मांसार या वास्तुशिल्पकाने बांधलेले. शेकडो झाडे लाकडी पेट्यांत आहेत. ऑक्टोबरात ती आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. त्या इमारतीच्या भिंती अतिशय जाड, खिडक्या उंच आणि दक्षिणेकडे. गंमत अशी की आत उबदार नसते. गोठणार नाही इतपतच असते. उजेड कमी आहे तर हवाही थंड ठेवा, म्हणजे झाड झोपून राहील आणि खर्च करणार नाही, असा त्यामागे विचार. आपल्या आजच्या घरांत उलटे होते. उजेड डिसेंबरचा आणि ऊब मे महिन्याची. झाडाला जागे ठेवायचे आणि जेवू घालायचे नाही. म्हणून एकतर दिवा लावून उजेड वाढवावा, नाहीतर कमी तापवलेली एखादी खोली असेल तर तिथे त्याला हलवावे. दोन्ही चालते.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र आपल्या गच्चीतले लिंबू घरात ओढू नये. नागपूरचा पारा जानेवारीत दहाच्या खाली गेला तरी आपल्या लिंबाला बाहेरच बरे वाटते. पाणी कमी करावे आणि सूर्य दक्षिणेला सरकला की कुंडी त्याच्यामागे सरकवावी, इतकेच.

आता काकू.

उठल्यावर गरगरते, हे वाक्य त्यांनी कडेला टाकले होते. मी त्या रात्री मुलाला वेगळा फोन केला. तो म्हणाला, आई महिन्याभरात फार गप्प झाली आहे, जेवण कमी झाले आहे, दुपारभर झाडाशेजारी बसून असते. एकटे वाटत असेल, बाबा आठवत असतील, म्हणून आम्ही बोलत नाही. मी विचारले, पाणी किती पिते? तो थांबला. सूनबाईंनी सांगितले की आई संध्याकाळनंतर पाणी पीतच नाहीत आणि दिवसाही जेमतेम दोन पेले. रात्री चारचारदा लघवीला उठावे लागते आणि परक्या घरातल्या जिन्याची त्यांना भीती वाटते. झाडाला रोज तीन वेळा पाणी मिळत होते, हे आपल्या लक्षात असेलच.

रात्री चारदा का उठावे लागते? कारण लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ती कोणी दिली? मी. ऑगस्टमध्ये, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, त्या घोट्यांवरची सूज दाखवायला आल्या होत्या. बाहेर गर्दी होती. मी सूज पाहिली आणि गोळी लिहिली. त्या आधीपासून घेत असलेल्या अम्लोडिपिनने घोटे सुजतात, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, मलाही होते. त्या दिवशी सुचले नाही. एका औषधाच्या परिणामाला आजार समजून मी त्यावर दुसरे औषध दिले. दुसऱ्याने रात्रीची लघवी वाढली, तिच्या भीतीने पाणी कमी झाले, पाणी कमी झाल्याने उठताना रक्तदाब पडू लागला. हाडे ठिसूळ झालेल्या वयात तो पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाकडे जाणारा सरळ रस्ता.

मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. घरातल्या यंत्रावर आईचा रक्तदाब पाच मिनिटे आडवे झोपवून घ्या. मग उभे करून, हात धरून, एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आमच्या भाषेत लक्षण आहे. काकूंचा वरचा आकडा १४२ वरून ११० वर आला. दुसरी गोष्ट, उद्याच तिथल्या डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातले सोडियम तपासा. ते १२८ निघाले. १३५ च्या खाली ते कमी समजतात. लघवीच्या या प्रकारच्या गोळ्यांनी वृद्धांत, त्यातही स्त्रियांत, सोडियम उतरू शकते आणि उतरले की माणूस मंद होतो, खात नाही, डगमगतो, बोलेनासा होतो. घरच्यांना ते दुःख वाटते. काकूंना दुःख नव्हते असे नाही; पण डिसेंबरमधली त्यांची मुकी दुपार सगळी दुःखाची नव्हती.

तिथल्या डॉक्टरांनी माझी गोळी थांबवली, अम्लोडिपिन निम्मे केले, आठवड्याने सोडियम पुन्हा तपासले. ती काळजी त्यांनी उत्तम घेतली आणि मला सविस्तर निरोपही पाठवला. येथे एक सूचना आग्रहाने करतो. हे वाचून कोणीही आपली गोळी आपणच बंद करू नये. आणि सोडियम कमी असताना भराभर साधे पाणी पिणेही घातक असते. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल त्यांचे पाण्याचे माप आणखी निराळे. कोमेजला म्हणून पाणी, असा सरसकट न्याय झाडालाही लागू पडत नाही, ते आपण पाहिलेच. आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे, की ही नवी तक्रार आधीच्या एखाद्या गोळीची तर नाही ना? हा प्रश्न विचारला म्हणून मी तरी कधी रागावणार नाही. आता तर नाहीच.

वृद्धांच्या घरात कुंडीतले झाड असावे या मताचा मी आहे. सकाळी उठून कोणाकडे तरी जायचे असते, हे फार मोठे कारण असते. पण काही खबरदारी घ्यावी. ओल्या मातीची फूटभर रुंदीची कुंडी सहज बारा-पंधरा किलो भरते. कमरेत वाकून ती उचलताना पाठीचा मणका चेपलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ठिसूळ हाडांना तेवढे पुरते. कुंडी सरकवायची झाली तर ती घरातल्या तरण्या माणसाने, आणि चाकांचा पाट असेल तर त्याची चाके अडवून ठेवावीत, नाहीतर आधाराला म्हणून धरलेली कुंडीच पळते. सांडलेले पाणी लगेच पुसावे. लिंबाचा काटा लहान दिसला तरी खोल जातो. मधुमेह असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी जाड हातमोजे घालावेत. काटा सांध्याजवळ रुतला आणि सूज राहिली तर दाखवावे. तयार मातीची पिशवी तोंडाजवळ धरून फोडू नये. त्या धुळीतून क्वचित फुप्फुसाचा जंतुसंसर्ग होतो, म्हणून माती आधी थोडी ओलावावी आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

आणि एक आडवळणाची सूचना, कारण लिंबूवर्गाचा विषय निघालाच आहे. परदेशी न्याहारीत ग्रेपफ्रूट असते. आपल्या पपनसाचे ते भावंड. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते वर्ज्य असते, कारण ते औषधाचा रक्तातला अंश वाढवते. पपनसाबाबतही हीच सावधगिरी हवी. रोजचे लिंबू, संत्रे, मोसंबी यांची ही धास्ती नाही. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी निघण्यापूर्वी आपल्या गोळ्यांची यादी दाखवून हे विचारून घ्यावे.

जानेवारीच्या मध्यापर्यंत काकूंचा आवाज पूर्ववत झाला. पहिल्याच वाक्यात त्या मला रागावल्या, की पाणी बंद करायला सांगितले म्हणून उरलेल्या अकरांतली सात पाने गेली. मी म्हटले, आधीच्या ताणाची वसुली पुढे महिनाभर चालते; गेलेली पाने मोजू नका, खोड नखाने किंचित खरवडा. साल खरवडल्यावर खाली हिरवे दिसले तर ते जिवंत, तपकिरी आणि कोरडे असेल तर गेले. शेंड्याकडून खाली येत त्यांनी तीन ठिकाणी खरवडले. वरचा वीतभर भाग गेला होता. त्याखाली हिरवे होते.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, महाशिवरात्र चार दिवसांवर असताना, त्यांनी पहाटेच छायाचित्र पाठवले. खोडाच्या तळाशी तरारून फूट आली होती, बोटभर लांब, आणि तिला तीनतीन दळांची पाने. खाली लिहिले होते, "डॉक्टरसाहेब, लिंबाला बेल आला." बेल आणि लिंबू एकाच कुळातले आहेत, तेव्हा काकू अगदीच चुकल्या नव्हत्या. पण मला वाईट बातमी सांगावी लागली. आमच्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. थंड मुलखात अनेकदा त्रिदळी पानांच्या, काटेरी, थंडी सोसणाऱ्या खुंटावर भरतात. ही फूट कलमाच्या जोडाखालून आली होती. म्हणजे ती लिंबाची नव्हतीच, खुंटाची होती. ठेवली तर सगळे अन्न तीच खाईल आणि वरचे लिंबू उपाशी मरेल. आमच्या बागेत याला पानसोट म्हणतात आणि दिसताक्षणी काढतात.

काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. चार महिन्यांनी दिसलेले पहिले हिरवे पान काढून टाका, हे सांगणे मलाही जड गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "शिवरात्र होऊ द्या." मी होऊ दिली. तीन त्रिदळे तिथल्या देवघरातल्या पिंडीवर वाहिली गेली आणि दुसऱ्या दिवशी सुनेने ती फूट तळाशी धरून उपटली. कापण्यापेक्षा कोवळी असताना उपटलेली बरी, नाहीतर पुन्हा येते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस बारा तासांचा झाला तेव्हा, जोडाच्या वर दोन बोटांवर एक जांभळट डोळा फुगला. मग आणखी दोन. मे महिन्यात झाड बाहेर गेले, पण एकदम उन्हात नाही. आठवडाभर सावलीत, मग सकाळचे ऊन, मग पूर्ण. खत आता कुठे सुरू झाले आहे, तेही पाकिटावर लिहिले आहे त्याच्या निम्मे.

या ऑक्टोबरात काकू दोन महिन्यांसाठी गावी येत आहेत आणि त्याच सुमारास झाड घरात न्यायचे आहे. पाणी घालण्याचे काम नातीकडे सोपवले आहे. बांबूची काडी तिच्या हवाली करताना आजीने सांगितले आहे, काडी कोरडी निघाल्याशिवाय तांब्याला हात लावायचा नाही आणि मला फोन करून रडायचेही नाही. गावी आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून, दोन्ही घेणार आहे. त्या दिवशी बाहेर कितीही माणसे बसलेली असोत.